आजोबांची पेट्रोल जीप बारा वर्षं बंद आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स घरीच खोलून बांधता येईल का?

येईल. तुम्ही लिहिलंय की गाडी महिंद्राची सीजे-३बी आहे, इंजिन जाम आहे, बंद पडायच्या आधी दुसरा गिअर आपोआप सुटत होता, आणि दोन गॅरेजवाल्यांनी "हे काढून डिझेल इंजिन बसवा" असा सल्ला दिलाय. तो सल्ला ऐकू नका. मूळ पेट्रोल इंजिनामुळेच तुमच्या जीपचं बॉनेट इतकं उंच आहे. १९५३ साली विलीजने (जीपची मूळ अमेरिकन कंपनी) या मॉडेलमध्ये हरिकेन इंजिन बसवलं, त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. इंजिनाची उंची वाढली म्हणून बॉनेट वर उचलावं लागलं. ते इंजिन काढलं तर आजोबांच्या गाडीचा नुसता पत्रा उरेल.

मी कोल्हापूरजवळ कळंब्याला घरामागच्या शेडमध्ये अशीच एक गाडी चौदा महिन्यांत चालू केली. नोकरी सांभाळून, रविवारी आणि रात्री. तेव्हा कळलं ते आधी सांगतो. खोलणं-बांधणं घरी होतं, पण काम खरं मापांचं आहे. पाने कुणालाही चालवता येतात. कुठला भाग ठेवायचा, कुठला घासायचा आणि कुठला टाकायचा हे मायक्रोमीटर सांगतो, आणि तो वापरायला शिकल्याशिवाय एकही सुटा भाग विकत घेऊ नका. माझे मामा कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होते. त्यांनी मला पहिले तीन रविवार फक्त मापं घ्यायला लावली, तीच तीच, सलग तीन वेळा सारखी येईपर्यंत.

जाम इंजिनाला जोर लावू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओता आणि आठवडाभर तसंच राहू द्या. गाडी गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढायचा मोह कितीही झाला तरी नको, रिंगा तुटतात.

आता हेड. सगळे बोल्ट काढले, तरी माझं हेड हलेना. गास्केट चिकटलंय असं समजून मी पहार लावायला निघालो होतो. मामांनी हात धरला आणि कार्बोरेटर काढायला सांगितलं. त्याच्या खाली, हवा आत जायच्या तोंडातच, एक बोल्ट लपलेला असतो. इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेलं असल्यामुळे तो बाहेरून दिसत नाही. पहार लावली असती तर बिडाचं हेड गेलं असतं. तो बोल्ट लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काढण्याआधी ब्लॉकच्या बाजूचं झाकण उघडून आतल्या तेलाच्या भोकांत चिंध्या कोंबा, नाहीतर व्हॉल्व्हचे छोटे लॉक थेट सम्पमध्ये (खालच्या तेलाच्या भांड्यात) पडतात. मेन आणि कनेक्टिंग रॉडच्या कॅप काढण्याआधी त्यांच्यावर पंचने खुणा करा. कॅपांची अदलाबदल चालत नाही, आणि उलटी फिरवलेली कॅपही चालत नाही.

मग मापं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मुळात ३.१२५ इंच, म्हणजे ७९.४ मिमी, आणि स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) १११.१ मिमी. चार सिलिंडर मिळून २१९९ सीसी. प्रत्येक बोअर वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी मोजा, म्हणजे एका सिलिंडरची सहा मापं. वर रिंग फिरते तिथे झीज जास्त असते. वर-खाली पाच थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त फरक निघाला तर मी बोरिंगच करतो, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करतो, नुसत्या नव्या रिंगांवर भागवत नाही. क्रँकचे तीन मेन आणि चार रॉड जर्नलही (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) असेच मोजा, गोलाईसाठी दोन दिशांनी. ग्राइंडिंग दहा, वीस, तीस थाऊ अशा टप्प्यांनी होतं आणि त्याच मापाचे बेअरिंग शेल लागतात.

आणि हे कृपया ठळक अक्षरांत वाचा: पिस्टन आधी हातात, बोरिंग नंतर. माझा ब्लॉक एका वर्कशॉपने पिस्टन न बघताच तीस थाऊने बोअर करून दिला. नंतर आलेले पिस्टन त्यात ढिले बसले. शेवटी चारही सिलिंडरला स्लीव्ह (आतली नवी नळी) मारून परत स्टँडर्ड मापावर यावं लागलं. दोन महिने आणि बरेच पैसे गेले. कोल्हापुरात असल्याचा फायदा हा की स्लीव्ह, क्रँक ग्राइंडिंग, सीट कटिंग सगळं शिवाजी उद्यमनगरात होतं. ऊसाचे चरक आणि ऑइल इंजिनं बनवून वाढलेली वस्ती आहे ती, बिडाचं काम तिथल्या कारागिरांच्या हातात मुरलेलं आहे. पण तुमची मापं कागदावर लिहून घेऊन जा. कागद बघितला की समोरचा कारागीरही वेगळ्या नजरेनं काम घेतो.

ब्लॉक परत आला की त्याच्या तेलाच्या वाटा तारेने आणि कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करा, क्रँकमधली भोकंसुद्धा. ग्राइंडिंगची कीट तिथेच बसते. टायमिंग गिअरवर तेल उडवणारं पुढचं छोटं जेट हमखास विसरलं जातं.

बांधताना टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) हवाच: मेन कॅप ६५ ते ७५ फूट-पौंड, रॉड ३५ ते ४५, हेड ६० ते ७०. मागच्या मेन कॅपच्या बाजूचे रबर पॅकिंग साधारण दोन सूत (पाव इंच) बाहेर राहतात. ते कापून सपाट करू नका, सम्प आवळला की दाबले जाऊनच तेल अडवतात. ऑइल पंप एक दात इकडे-तिकडे बसला तर डिस्ट्रिब्युटर चुकतो, कारण पंपाचा शाफ्टच त्याला फिरवतो. व्हॉल्व्हचं अंतर थंड इंजिनावर: इनटेक १८ थाऊ, एक्झॉस्ट १६. फायरिंग १-३-४-२.

गिअरबॉक्सची मला इंजिनापेक्षा जास्त धास्ती होती. टी-९० हा तीन गिअरचा डबा आणि त्यामागे स्पायसर १८ ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा), दोन्हींमधून एकच मेनशाफ्ट आरपार जातो. ट्रान्सफरचं मागचं झाकण काढून शाफ्टवरचा मोठा नट आणि गिअर काढायचा, मग दोन डबे वेगळे करायचे. पण नुसते ओढले तर मेनशाफ्टही मागे सरकतो आणि सिंक्रोचे (गिअर आवाज न करता जुळवणारे) भाग आत गळून पडतात. म्हणून वरचं झाकण आधी काढा, दुसऱ्या गिअरच्या मागे शाफ्टला तार गुंडाळून ती पुढे घट्ट बांधा, आणि मगच मागचा डबा सोडवा. तारेची ही पाच मिनिटं वाचवू नका.

तुमचा दुसरा गिअर सुटतो त्याचं कारण आधी स्वस्तातल्या जागी शोधा. वरच्या झाकणात शिफ्टर रॉड अडवून धरणाऱ्या गोळ्या आणि स्प्रिंगा असतात, त्या थकलेल्या असू शकतात (काढताना वर फडकं धरा, गोळी उडते). त्या ठीक असतील तर सिंक्रो स्लीव्हचे आणि गिअरचे दात बघा. टोकं गोलसर, तिरकी झिजली असतील तर दोन्ही बदला, एक नवं आणि एक जुनं टिकत नाही. पहिल्या गिअरला सिंक्रो नसतोच, गाडी थांबवून टाकायचा. तो आवाज करतो म्हणून नवीन गिअर घेऊ नका.

ट्रान्सफरमध्ये मधला शाफ्ट नखाने तपासा. नीडल बेअरिंगच्या खाचा हाताला लागल्या तर शाफ्ट आणि नीडल दोन्ही बदला. आउटपुट शाफ्टची लांबीतली हालचाल शिम (पातळ चकत्या) घालून चार ते आठ थाऊवर आणा. मागचं सील नवंच घाला, कारण हँडब्रेकचा ड्रम त्याच्या लगेच मागे आहे. सील गळलं की शूज तेलात भिजतात, आणि गगनबावड्याच्या घाटात गाडी उभी करायची वेळ आली की हँडब्रेक धरत नाही. दोन्ही डब्यांत जीएल-४ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल घाला. जीएल-५ मधली गंधकाची रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत.

पहिल्यांदा चालू करताना प्लग काढून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर थांबत थांबत फिरवा. चालू झालं की आयडलवर सोडू नका. वीस मिनिटं पंधराशे ते दोन हजार आरपीएमवर ठेवा, नव्या कॅमला आणि टॅपेटला ती वीस मिनिटं लागतात. पाण्याच्या तापमानावर एक माणूस नुसता नजर ठेवायला बसवा. पूर्ण थंड झाल्यावर हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्क करा, आणि त्यासाठी कार्बोरेटर परत काढा. तो लपलेला बोल्ट राहिला तर गास्केट तिथूनच जातं.

हेड उघडलंत की बोअर आणि क्रँकची मापं इथेच लिहा. बोरिंग लागेल की नाही ते बघून सांगतो.