सह्यांच्या कागदापेक्षा वासाची नोंदवही उपयोगी पडेल

न्यूझीलंडमधील हॅमिल्टनच्या वेशीवर आपण घर घेतले आहे, शेजारच्या शेतावरील लहानसा कंपोस्ट खताचा प्रकल्प आता वाढवायचा आहे, त्यासाठी हवेत विसर्जन करण्याची परवानगी मागितल्याचे रीजनल कौन्सिलचे पत्र आपल्याला आले आहे, आणि परिसरातील सर्वांच्या सह्या घेऊन निवेदन द्यावे का, असे आपण विचारले आहे. सह्या घेण्यात गैर काही नाही. मात्र केवळ त्यांच्यावर विसंबू नये, असे मी सांगेन.

न्यूझीलंडचा १९९१ चा रिसोर्स मॅनेजमेंट कायदा एखादा धंदा लोकांना आवडतो की नाही, हे विचारत नाही. त्या धंद्याचे पर्यावरणावर आणि माणसांवर कोणते परिणाम होतील, आणि ते टाळता, निस्तरता किंवा सौम्य करता येतील का, एवढाच त्याचा मुख्य प्रश्न असतो. ‘आम्हाला हा प्रकल्प नको’ या एका वाक्याखाली शंभर सह्या असल्या, तरी सुनावणी घेणाऱ्या आयुक्तांना त्यात तोलून पाहण्याजोगे फारसे काही सापडत नाही. आपल्याकडील जनसुनावणीत सभागृह भरवून टाकण्याला जे महत्त्व असते, ते डोक्यात ठेवून इथे गेल्यास निराशाच पदरी पडते.

प्रथम दार कोणते ठोठवायचे, ते पाहू. १९८९ च्या फेररचनेत रीजनल कौन्सिलांच्या सीमा मुख्यतः नद्यांच्या पाणलोट क्षेत्रांवरून आखल्या गेल्या, आणि पाणी, हवा, माती व किनारा यांत काय सोडले जाते, हे पाहणे त्यांच्याकडे आले. ट्रकची वर्दळ, आवाज, इमारतींची उंची हे विषय डिस्ट्रिक्ट कौन्सिलचे. (‘जिल्हा परिषद’ हा शब्द मुद्दाम टाळतो आहे, नाहीतर नसता घोळ व्हायचा.) ऑकलंडमधील आपल्या मंडळींना हा फरक सहसा जाणवत नाही, कारण तिथे दोन्ही कामे एकच कौन्सिल करते. आपल्या पत्रात केवळ हवेतील विसर्जनाचा उल्लेख असेल, तर ट्रकबद्दलची तक्रार सबमिशनमध्ये, म्हणजे अर्जावर आपण द्यायच्या लेखी म्हणण्यात, कितीही पोटतिडकीने लिहिली, तरी ती बहुधा बाजूलाच पडेल.

आपल्याला थेट पत्र आले, याचा अर्थ आपले घर बाधित धरले गेले आहे. ही ‘लिमिटेड नोटिफिकेशन’, म्हणजे फक्त बाधितांनाच दिलेली सूचना असेल, तर ज्यांना पत्र गेले त्यांनाच सबमिशन करता येते; गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांच्या सह्यांचा उपयोग आणखीच कमी होतो. मुदत कामकाजाच्या २० दिवसांची असते आणि २० डिसेंबर ते १० जानेवारी हे दिवस त्यात मोजले जात नाहीत. विरोध आहे की पाठिंबा, कोणत्या परिणामाबद्दल बोलायचे आहे, कौन्सिलने नेमका काय निर्णय द्यावा, आणि सुनावणीत प्रत्यक्ष बोलायचे आहे का, या गोष्टी त्यात स्पष्ट लिहाव्या लागतात. अर्जदारालाही प्रत द्यावी लागते. हे अनेकजण विसरतात. सबमिशन केलेल्यालाच पुढे निर्णयाविरुद्ध एन्व्हायर्नमेंट कोर्टात जाता येते आणि त्यासाठी कामकाजाचे १५ दिवस मिळतात.

एका कागदापासून मात्र सावध राहावे. अर्जदार स्वतः चहाच्या वेळी घरी येतो, गोड बोलतो आणि ‘लेखी संमती’चा फॉर्म पुढे करतो. त्यावर सही केली की आपल्यावर होणारा परिणाम कौन्सिलला विचारातच घेता येत नाही. काही वर्षांपूर्वी शेजारधर्म म्हणून मी अशी सही करून बसलो होतो, आणि पुढे दोन उन्हाळे तक्रार करण्याची सोय उरली नाही. सुनावणीपूर्वी, आणि सुनावणी नसेल तर निर्णयापूर्वी, संमती मागे घेता येते, हे मला कळले तेव्हा निर्णय होऊन गेला होता.

आता वासाकडे वळतो, कारण आपले प्रकरण त्यावरच उभे राहील किंवा पडेल. वास मोजण्याचे यंत्र कौन्सिलचा अधिकारी सहसा आणत नाही; तो स्वतःचे नाक आणतो. प्रचलित पद्धतीत तो कुंपणाच्या बाहेर, वारा ज्या बाजूला वाहतो त्या बाजूला, दहा मिनिटे उभा राहतो आणि दर दहा सेकंदांनी वासाची तीव्रता शून्य ते सहा या श्रेणीत टिपतो, म्हणजे एकूण ६० नोंदी. त्यानंतर वास किती वेळा येतो, किती उग्र असतो, किती वेळ टिकतो, कोणत्या प्रकारचा आहे आणि कुठे येतो, या पाच अंगांनी तो आक्षेपार्ह आहे का, हे ठरते. म्हणून आजपासूनच एक वही घाला: तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, वास कुजक्या भाजीसारखा की अमोनियासारखा, किती मिनिटे राहिला, वाळत घातलेले कपडे आत आणावे लागले का. प्रत्येक वेळी कौन्सिलच्या प्रदूषण तक्रार क्रमांकावर फोनही करा, कारण त्यांच्या दप्तरी नोंद नसलेला वास सुनावणीत सिद्ध करणे कठीण जाते. सहा आठवड्यांची अशी वही शंभर सह्यांना भारी ठरते. तिच्या आधारावर ढीग उलटण्याच्या वेळा, वाऱ्याची अट, नियमित मोजणी आणि शेजाऱ्यांची संपर्क समिती, अशा अटी नेमकेपणाने मागता येतात. विसर्जनाची परवानगी ३५ वर्षांपर्यंत देता येते. त्यामुळे कमी मुदत आवर्जून मागावी.

तरीही प्रामाणिकपणे सांगायचे, तर परवानगीच्या टप्प्यावर जागे होणे म्हणजे वरातीमागून घोडे. खरी लढाई रीजनल कौन्सिलची प्रादेशिक योजना, म्हणजे परवानग्यांचे नियम ठरवणारा दस्तऐवज, लिहिली जाते तेव्हाच होते. टाउपो सरोवराचे उदाहरण घ्या. भोवतालच्या शेतीतून भूजलावाटे झिरपणारे नायट्रोजन रोखण्यासाठी वायकाटो रीजनल कौन्सिलने २००५ मध्ये योजनेत बदल प्रस्तावित केला, आणि शेतकरी, सरोवराच्या तळाची मालकी असलेली न्गाती तूफारेतोआ ही माओरी जमात, सरकार आणि डिस्ट्रिक्ट कौन्सिल यांच्याशी वाद, वाटाघाटी व कोर्ट असे सर्व होऊन तो २०११ मध्ये लागू झाला. प्रत्येक शेताला पूर्वीच्या वापरावरून नायट्रोजनची मर्यादा ठरवून दिली गेली आणि नियंत्रणाजोगे नायट्रोजन २० टक्क्यांनी घटवण्यासाठी सार्वजनिक पैशाचा न्यास उभा राहिला. यात खटकणारी गोष्टही होती: ज्या माओरी मालकांनी जमिनी विकसित न करता जंगलाखाली ठेवल्या होत्या, त्यांच्या वाट्याला कमी मर्यादा आली. ते हे बोलू शकले, कारण योजना कच्ची असतानाच ते टेबलावर होते. आपण स्थलांतरित मात्र बहुतेकदा तिथे नसतो. कौन्सिलच्या निवडणुकीसाठी दर तीन वर्षांनी घरी येणारी टपाली मतपत्रिका निवासी परवानाधारकांनाही मिळू शकते, तरी ती अनेक घरांत फ्रिजवरच पडून राहते.

१९९१ च्या कायद्याच्या जागी नवे कायदे आणण्याचे काम सरकारने हाती घेतले आहे, त्यामुळे आपल्या अर्जाला कोणते नियम लागू आहेत, हे कौन्सिलच्या नियोजन अधिकाऱ्याला फोन करून विचारून घ्या. ही मंडळी सहसा नीट उत्तर देतात. त्याच फोनवर अर्जाचा वर्गही विचारा. ‘रिस्ट्रिक्टेड डिस्क्रीशनरी’ असेल, तर योजनेने नेमून दिलेल्या मुद्द्यांपलीकडे कौन्सिलला पाहता येत नाही आणि सबमिशन त्या मुद्द्यांच्या क्रमानेच लिहावे लागेल. नुसते ‘डिस्क्रीशनरी’ असेल, तर मैदान मोकळे आहे. तो वर्ग आणि पत्रावरील अंतिम तारीख इथे कळवलीत, तर सबमिशनचा मसुदा पाहून द्यायला मी तयार आहे.