वायफाय पाडता आलं म्हणजे हॅकिंग आलं असं नाही

उदगीरच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा लातूरला नीटच्या रिपीटर बॅचला. होस्टेलचं वायफाय सारखं तुटायला लागलं, तेव्हा त्याच्या बॅगेत ईएसपी८२६६ (वायफाय असलेला छोटा, स्वस्त सर्किट बोर्ड) आणि पॉवर बँक सापडली. वडिलांनी बोर्ड फोडला. आता विचारतात, "तिसऱ्यांदा नीटला बसवू, की तीन महिन्यांच्या हॅकिंग कोर्सला घालू?"

दादा, फीचा हिशोब तुम्ही पैशापैशाने मांडलाय. 'बायोलॉजी नको म्हणतो' हे मात्र अर्ध्या ओळीत उरकलंत. माझी काळजी बोर्डाची नाही, या अर्ध्या ओळीची आहे. दोनदा नको म्हणणाऱ्याला तिसऱ्यांदा बसवणं हा तुमचा हट्ट झाला. नीट थांबवा.

कोर्सही नको. तयार फर्मवेअर (बोर्ड चालवणारा प्रोग्राम) टाकून बटण दाबलं की हॅकर झालो, असं पोराला वाटतंय आणि तुम्हालाही. तसं नाही. वायफायमधला 'जोडणी तोडा' हा संदेश जुन्या पद्धतीत सहीशिक्क्याविना चालतो. बोर्ड पाठवणारा म्हणून राउटरचा पत्ता टाकून तोच संदेश खोटा पाठवतो, मोबाइल विश्वास ठेवून बाहेर पडतो. पासवर्ड काही हाती लागत नाही. हा बोर्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, ५ गिगाहर्ट्झवरच्या जोडणीला हात लावू शकत नाही. डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या सुरक्षा पद्धतीत हे संदेश सुरक्षित असणं सक्तीचं आहे, तिथे ही युक्ती फसते. परवानगीशिवाय दुसऱ्याचं नेटवर्क पाडणं मात्र आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली येऊ शकतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याला सोबत घेऊन रेक्टरांना भेटा.

मग एक ईएसपी३२, म्हणजे त्याच जातीचा पुढचा बोर्ड, घेऊन द्या. काम उलटं: हल्ला पकडायचा. प्रॉमिस्क्युअस मोड (हवेतले सगळेच वायफाय संदेश ऐकण्याची सोय) लावून फ्रेमचा, म्हणजे प्रत्येक संदेशाच्या पाकिटाचा, पहिला बाइट बघायचा. ०xसी० दिसला की तो डीऑथ, म्हणजे वरचा 'जोडणी तोडा' संदेश, मोजत जायचं. बोर्ड एका वेळी एकच चॅनल ऐकतो, म्हणून १ ते १३ फिरवत राहावं लागतं. फार भरभर फिरवलं तर फ्रेम निसटतात. संगणकाला पोर्टच दिसला नाही तर आधी केबल बदला, नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. वायफाय सुरू होताच 'ब्राउनआउट' असा संदेश येऊन बोर्ड रिसेट होत असेल तर वीज कमी पडतेय.

बारावीला गणित असेल तर एमएचटी-सीईटी देऊन संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्स, नसेल तर बीसीए. कुठलं, ते त्याला ठरवू द्या. आणि पुढचं पत्र त्याच्या हातचं येऊ द्या.