वाचकांचे प्रश्न: वळवाचा पाऊस आणि अॅम्प्लिफायर

प्रश्न: सिंहगड रोडवर जुन्या इमारतीत राहतो. वळवात वीज सारखी जाते-येते. अॅम्प्लिफायर स्टॅबिलायझरवर आहे, तेवढं पुरे का? शिवाय केबलचा सेट-टॉप बॉक्स जोडला की स्पीकर घुमतात.

उत्तर: पुरे नाही. स्टॅबिलायझर रिलेवर, म्हणजे विजेने हलणाऱ्या स्विचवर चालतो. सर्ज, म्हणजे व्होल्टेजची अचानक उसळी, काही मायक्रोसेकंदांत येऊन जातो, तोवर रिले हलतही नाही. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ व्होल्टेज जवळजवळ सारखं हवं. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर कारण शोधायला सांगा. मग मेन बोर्डात टाइप 2 एसपीडी (सर्ज अर्थकडे वळवणारं उपकरण) बसवा, 320 व्होल्ट रेटिंगचा. त्याच्या जोडवायरी एकूण अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. लांब वायरीवरच व्होल्टेज चढतं आणि एसपीडी नावापुरता उरतो. एसपीडीवरची छोटी खिडकी लाल झाली की त्यातलं कार्ट्रिज बदला.

जुन्या इमारतीत खरी भीती न्यूट्रल तुटण्याची. तेव्हा घरात 400 व्होल्टपर्यंत येऊ शकतात आणि तिथे एसपीडी स्वतःच जळतो. त्यासाठी व्होल्टेज चढलं की वीज तोडणारा ओव्हरव्होल्टेज रिले वेगळा लागतो. गडगडाट सुरू होण्याआधीच प्लग आणि केबल दोन्ही काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही.

घुमण्याचं म्हणाल तर बॉक्समागची केबल काढून पाहा. आवाज थांबला तर तो ग्राउंड लूप, म्हणजे केबल आणि अॅम्प्लिफायरच्या अर्थमधून फिरणारा करंट. केबलवर आयसोलेटर (ही अर्थची जोडणी तोडणारा जोड) लावा किंवा बॉक्स अॅम्प्लिफायरला ऑप्टिकल वायरने जोडा. (डिश असेल तर साधा आयसोलेटर चालत नाही, डिशवरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या भागाला, केबलमधूनच जाणारी वीज अडते.) अॅम्प्लिफायरची अर्थ पिन मात्र कुणी सांगितलं तरी कापू नका. पंखा लावल्यावरच खरखर होत असेल, तर डिमरवाला रेग्युलेटर काढून कपॅसिटरचा स्टेप रेग्युलेटर घ्या.