जुन्या मशीनवरची मराठी फाइल विंडोजवर उघडली की ‘नाशिक’चं चिनी का होतं?

तुम्ही लिहिलंय की सातपूरच्या कारखान्यातल्या जुन्या पॉवरपीसी (इंटेलहून वेगळ्या प्रोसेसरच्या) मशीनची फाइल ऑफिसच्या इंटेल पीसीवर भलतीच दिसते. फॉन्ट बदलत बसू नका, दोष फॉन्टचा नाही. फाइल बहुधा यूटीएफ-१६ मध्ये (मराठीचं प्रत्येक चिन्ह दोन बाइटांत साठवायची पद्धत) आहे आणि बाइट उलटे वाचले जातायत.

‘न’चा युनिकोड क्रमांक (प्रत्येक चिन्हाला ठरवून दिलेला आकडा) ०९२८. बिग एंडियन मशीन, म्हणजे तुमच्या पॉवरपीसीसारखं मोठा बाइट आधी लिहिणारं, आधी ०९ लिहितं, मग २८. लिटल एंडियन, म्हणजे इंटेलसारखं लहान बाइट आधी असलेलं, समजून वाचलं की होतं २८०९, आणि ते निघतं ब्रेलचं चिन्ह! काना, श आणि वेलांटी चिनी अक्षरांत जातात. ‘क’ तर थेट कॅनडातल्या आदिवासी लिपीत. पाच चिन्हांत तीन लिप्या.

फाइलचे पहिले दोन बाइट हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बघा. एफई एफएफ असेल तर बिग एंडियन, एफएफ एफई असेल तर लिटल. ही खूणच नसेल तर बाइटांचा क्रम स्वतः सांगून वाचा. आमच्याकडे अंबडला लेबलांवर ब्रेल छापून आलं तेव्हा हेच झालं होतं, आणि दोष बिचाऱ्या प्रिंटरला दिला!

वाचून झालं की यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. त्यात एकेक बाइट ठरल्या क्रमानेच येतो, प्रोसेसर कुठलाही असो. ‘नाशिक’ला १० ऐवजी १५ बाइट लागतील, लागू देत.

फक्त फाइलमध्ये बायनरी आकडेही (मजकूर म्हणून नव्हे, थेट बाइटांत साठवलेले) असतील, तर यूटीएफ-८ त्यांना वाचवत नाही. त्यांचा क्रम कोडमध्ये वेगळा बदलावा लागेल.