लहान पक्ष्यांचे फोटो शार्प का येत नाहीत? आणि फ्रेममध्ये पक्षी कुठे ठेवावा?

आधी फोटो १०० टक्के मोठा करून डोळा बघा. डोळा मऊ आणि मागची फांदी मात्र कुरकुरीत दिसत असेल तर फोकस चुकलाय. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं असेल तर शटर स्पीड (शटर किती झटकन उघडून मिटतं तो वेग) कमी पडला. या दोन्हींवर शार्पनिंग, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये कडा धारदार करणं, हा इलाज नाही. असे फोटो मी सरळ उडवतो. वटवट्यासारखे पक्षी बसल्या जागीही मान हलवत राहतात, त्यामुळे शटर शक्यतो १/१००० सेकंदापेक्षा हळू ठेवू नका. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या.

शार्प करण्याआधी नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, काढा, नाहीतर दाणेच धारदार होतात. पिसांच्या रेषा बारीक असतात, म्हणून लाइटरूम या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये रेडियस (कडेभोवती किती रुंदीत शार्प करायचं ते) ०.५ ते ०.८ पुरे. मास्किंगचा, म्हणजे कुठे शार्प करायचं नाही ते ठरवणारा, स्लायडर ऑल्ट दाबून ओढा: पांढरं दिसतं तेवढंच शार्प होतं, म्हणून पार्श्वभूमी काळी होईपर्यंत ओढत राहा. चोचीच्या कडेला पांढरी किनार दिसली की समजा, जास्त झालं. नेटवर टाकायचा असेल तर आधी आकार लहान करा आणि शार्पनिंगचा शेवटचा हलका हात त्यानंतर फिरवा.

रचनेचं म्हणाल तर पक्षी बघतोय त्या बाजूला जागा जास्त सोडा, शेपटी कापू नका. पण खरा फरक पडतो तो खाली बसल्यावर. जमिनीवरच्या पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला कॅमेरा आला की मागे जवळची माती न येता लांबचं गवत येतं आणि ते छान धूसर होतं. कपडे मळतात, पण ते धुता येतात.