जुनी छोटी मोटारसायकल घ्यावी का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी साताऱ्यात पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. एका मालकाने वापरलेली, २०१८ सालची १०० सीसीची गाडी पाहिली आहे. मीटरवर ३८ हजार किलोमीटर आहेत आणि मालक ‘गाडीला काहीच काम नाही’ असे सांगतात. तपासताना नेमके काय पाहावे?

उत्तर : गाडी पाहायला सकाळी जा आणि तुम्ही पोहोचेपर्यंत ती सुरू करू नये, असे मालकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. पोहोचताच इंजिनाजवळ हात नेऊन पाहा. ते आधीच तापलेले असेल, तर थंड गाडी लवकर सुरू होत नाही ही गोष्ट झाकली जात असण्याची शक्यता आहे, आणि अशा वेळी दुसऱ्या दिवशी पुन्हा येण्याची तयारी ठेवावी. २०१८ सालची गाडी बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचे त्या वेळचे सरकारी मानक) काळातली, म्हणजे बहुधा कार्ब्युरेटरची असल्यामुळे सकाळी चोक ओढावा लागणे हा दोष नव्हे. गाडी सुरू झाल्यावर मागे उभे राहून सायलेन्सरकडे पाहा. गारठ्यात थोडा वेळ दिसणारी पांढरी वाफ विरून जाते, तिची चिंता नको. पण रेस केल्यावर निळसर धूर येतच राहिला, तर इंजिन ऑइल जळते आहे, म्हणजे पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेले आहे, असे समजावे.

नंतर गाडी मेन स्टँडवर घेऊन कोणाला तरी मागून दाब द्यायला सांगा, म्हणजे पुढचे चाक अधांतरी राहील. आता हँडल दोन बोटांनी हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मध्यावर येताच ते किंचित अडकल्यासारखे वाटले, तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ती बेअरिंग) बदलायला झाला आहे. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या नळ्यांवर ऑइलचा ओघळ आहे का, तेही पाहा. मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकतीच्या, अगदी मागच्या टोकाला चेन धरून ओढली असता दात उघडे पडत असतील, तर चेन आणि स्प्रॉकेटचा पूर्ण संच घालावा लागेल. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१८’ याचा अर्थ तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. मीटरवरच्या आकड्यावर मी सर्वांत कमी भरवसा ठेवतो, कारण तो मागे करता येतो; फूटरेस्टचे आणि गिअर लिव्हरचे रबर किती झिजले आहे, यावरून गाडीचा खरा वापर अधिक चांगला कळतो, आणि गाडीची देखभाल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये झाली असेल, तर तेथे किलोमीटरची नोंदही मिळते.

कोनसेट, चेन किंवा टायर संपले आहेत म्हणून गाडी नाकारू नका; तुमच्या मेकॅनिककडून या कामांचा खर्च काढून तो किमतीतून वजा करा. निळा धूर, अपघातात वाकलेली चेसिस आणि चेसिस क्रमांकावरची खाडाखोड, यांपैकी एकही गोष्ट दिसली, तर मात्र किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी घेऊ नका. ट्रायल स्वतः न घेता मेकॅनिकला घ्यायला सांगा. ज्याचा हात अजून बसलेला नाही, त्याला क्लच घसरतो आहे हे ओळखता येत नाही.

प्रश्न : नाशिकला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीला पहिलीच गाडी म्हणून जुनी ३५० सीसीची बुलेटसारखी गाडी घ्यायची आहे. शिकण्यासाठी ती योग्य ठरेल का?

उत्तर : शिकण्यासाठी नाही. १०० सीसीच्या स्प्लेंडरचे वजन सुमारे ११२ किलो, तर रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० चे सुमारे १९५ किलो असते, आणि हा फरक वेगात नव्हे तर पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना, चढावर सिग्नलला थांबताना जाणवतो. तिचे दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकतील अशी १२५ सीसीची गाडी घ्यावी. १५० सीसीची घ्यायची झाल्यास एप्रिल २०१९ नंतरची पाहावी, कारण १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले.

प्रश्न : चिपळूणमध्ये बऱ्यापैकी नवी दिसणारी २०२० सालची गाडी फार स्वस्तात मिळते आहे. पुराची शंका येते.

उत्तर : शंका रास्त आहे, जुलै २०२१ च्या पुरात शहरातली असंख्य वाहने पाण्याखाली गेली होती. धुऊन पुसून, पॉलिश केलेल्या गाडीवर वरून काही दिसत नाही, म्हणून सीट काढायला लावा आणि बॅटरीच्या खणाच्या कोपऱ्यांत, वायरिंगच्या जोडांमध्ये आणि हेडलाइटच्या आत चिकट गाळ किंवा हिरवट गंज आहे का ते पाहा. गाडी बीएस-६ आणि फ्युएल इंजेक्शनची असेल, तर चावी फिरवताच मीटरवर इंजिनाचा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच तो विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर दोष लपवण्यासाठी तो काढून टाकला आहे का, हे विचारावे. पाण्यात बुडालेल्या वायरिंगचे दोष पुढे अनेक महिने एकेक करून वर येत राहतात, म्हणून शंका फिटली नाही तर ही गाडी सोडून द्यावी.

प्रश्न : जुनी घेण्याऐवजी कर्ज काढून नवीच घेणे बरे नाही का?

उत्तर : जुन्या गाडीच्या किमतीत वर सांगितलेली कामे, विमा आणि नावावर करण्याचा खर्च मिळवून मगच तुलना करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला; मूळ किंमत तीच धरल्यास शोरूममधील किंमत सुमारे ७.८ टक्क्यांनी उतरते. विक्रेते मात्र अनेकदा आपण गाडी घेतली तेव्हाचा भाव डोक्यात ठेवून किंमत सांगतात, त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या गाडीत फारशी बचत उरत नाही. माझ्या मते शिकणाऱ्याने चार ते सात वर्षांची, साधी, सुटे भाग कोठेही मिळणारी गाडी रोखीने घ्यावी. शिकताना ती एक-दोनदा तरी आडवी होणारच, आणि हप्ते चालू असलेल्या नव्या गाडीपेक्षा तिचे इंडिकेटर बदलणे मनालाही सोपे जाते.

प्रश्न : डोंबिवलीतील एजंट म्हणतो की मूळ मालकाने सह्या करून दिलेले फॉर्म आहेत, गाडी चालवायला लागा, नावावर नंतर करू. चालेल का?

उत्तर : चालणार नाही. गाडी नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३० कोरे हातात घेऊन फिरवलेली गाडी कागदोपत्री त्या जुन्या मालकाचीच राहते. अपघात झाल्यास आरसीवर ज्याचे नाव तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे, त्यामुळे एजंटच्या या सोयीत तुमच्याइतकाच तो अनोळखी जुना मालकही अडकतो. त्याला प्रत्यक्ष भेटा आणि आरसीवरचे नाव त्याच्या ओळखपत्राशी ताडून पाहा. एम-परिवहन ॲपवर गाडीच्या क्रमांकावरून विमा, पीयूसी आणि बँकेचा बोजा दिसतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि थकीत ई-चलने विक्रेत्याकडूनच भरून घ्या. हस्तांतरणानंतर १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवून पॉलिसी तुमच्या नावावर करून घ्यावी. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तेव्हा त्या फरकाची रक्कम सौदा ठरवतानाच हिशेबात धरा.