अडीच एकरांसाठी जुना एचएमटी २५११ ट्रॅक्टर घ्यावा की महिंद्रा बी-२७५?

दोन सिलिंडरचा, २५ अश्वशक्तीचा आणि मूळ झेटर या चेक कंपनीच्या आराखड्यावर बेतलेला एचएमटी अडीच एकरांतील वखरणी-पेरणीला पुरेसा आहे. मात्र एचएमटीच्या हरियाणातील पिंजोरच्या कारखान्यातील ट्रॅक्टर उत्पादन बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला असल्याने सुटे भाग जवळपास मिळतात का, याची चौकशी सौद्यापूर्वीच करावी. ती शाश्वती नसेल, तर मी चार सिलिंडरच्या बी-२७५ कडेच झुकेन, जरी तो वजनाने भारी वाटला तरी. पाहताना इंजिन तापू द्यावे, ऑइलचे झाकण काढून धूर भपकाऱ्याने येतो का ते पाहावे, आणि नांगर उचलून इंजिन बंद केल्यावर तो किती लवकर खाली बसतो, यावरून हायड्रॉलिकची, म्हणजे अवजार उचलणाऱ्या यंत्रणेची, अवस्था ताडावी. नव्या रंगाला भुलू नये; आरसी पुस्तकावरील चेसिस क्रमांक मात्र स्वतः ताडून पाहावा.